थर्मोस्टॅट काढणे ही दुरुस्ती नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यात जुन्या गाड्यांचे सौदे वाढतात. १०-१२ वर्षं वापरलेली पेट्रोल सेडान घेणारा बहुतेक वेळा रंग, सीट आणि किलोमीटरचा आकडा बघतो. माझं पोवई नाक्याजवळ मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे; त्या गाडीचं पुढे काय होतं ते मला काउंटरवरून दिसतं.

खंबाटकी घाटात गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारा व्हॉल्व्ह) काढतो आणि रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करून देतो, म्हणजे चावी फिरवली की तो सतत फिरत राहतो. ५०० रुपयांत काम, तापमानाचा काटा खाली, गिऱ्हाईक खूश. तापण्याचं कारण मात्र जागच्या जागी: बोअरच्या पाण्याने क्षार धरून चोंदलेला रेडिएटर, गळका वॉटर पंप, नाहीतर साधी रेडिएटर कॅप. ही कॅप दोन-अडीचशेला मिळते. तिची स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. एकट्या मिस्त्रीला बोल लावण्यात अर्थ नाही. ‘एवढं तापायचं थांबवा, बाकीचं पगार झाल्यावर बघू’ म्हणणारे आपणच असतो.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो नसला की इंजिन हवं तेवढं तापतच नाही. गाडीतला कॉम्प्युटर इंजिन अजून गारच आहे असं समजून जादा पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये गाळ धरतो. मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं घेऊन घाट चढलात की जुनं दुखणं उसळतंच आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं. गॅस्केट सेट, हेडचं फेसिंग, ऑइल, कूलंट, मजुरी मिळून २०-२५ हजार. वेळीच रेडिएटर साफ करून कॅप, थर्मोस्टॅट, कूलंट बदललं असतं तर तीन-चार हजारांत भागलं असतं.

विकणारे वर सांगतात, ‘इंजिन एकदम गार चालतं!’ तेव्हा गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच बघायला जा. एसी बंद असूनही चावी फिरवताच पंखा सुरू झाला तर तो डायरेक्ट केलाय असं ओळखा. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल ताकासारखं दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, तर चहासुद्धा न घेता घरी या. (ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा थर पावसाळ्यात चांगल्या गाडीलाही येतो, त्याला घाबरू नका.) सगळं ठीक वाटलं तर आनेवाडी टोलनाक्यापर्यंत चालवून बघा. काटा मध्याजवळ येऊन तिथेच राहायला हवा. हायवेला ८० च्या वेगात तो खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट बहुधा जागेवर नाही.

गॅरेजवाल्या बंधूंना एकच विनंती. थर्मोस्टॅट काढलाच, तर बिलावर तसं लिहा आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

– एक स्पेअर पार्ट विक्रेती, सातारा