सालाझारचा हुकूम मोडणारा कॉन्सुल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या १८ जूनच्या क्रांतिदिनाची आपली पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे पाहुणे म्हणून आलेले राममनोहर लोहिया, पोर्तुगीज राजवटीविरुद्धची १९४६ ची मडगावची भर पावसातली सभा, स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना भोगावा लागलेला पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यातला तुरुंगवास, सगळे मनापासून आणि नेमके लिहिले आहे. पण पानोपानी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे नाव वाचताना मला एका माणसाची सारखी आठवण येत राहिली. मडगावच्या सभेच्या सहा वर्षे आधी, १९४० च्या जून महिन्यातच, याच सालाझारचा लेखी हुकूम त्याच्याच नोकरीतल्या एका अधिकाऱ्याने मोडला होता. त्यामुळे हजारो जीव वाचले. गोव्यात त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, ही रुखरुख फार दिवसांची आहे. म्हणून हे पत्र.

आरिस्तिदिश द सौझा मेंदिश हे त्याचे नाव. जन्म १८८५, पोर्तुगालमधल्या काबानश द विरियातु या गावी. कोइंब्राला कायदा शिकला आणि कॉन्सुलाच्या, म्हणजे परदेशी शहरात राहून व्हिसा वगैरे पाहणाऱ्या सरकारी प्रतिनिधीच्या, नोकरीत शिरला. काही वर्षे झांझिबारला होता, जिथे आपल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती होती. चौदा मुलांचा बाप, घरंदाज, पक्का कॅथलिक. १९३८ पासून तो फ्रान्समधल्या बोर्दो शहरात कॉन्सुल जनरल होता. बंडखोर म्हणावे असे त्याच्या आयुष्यात तोवर फार काही नव्हते.

मी बत्तीस वर्षे मामलेदार कचेरीत काढली. परिपत्रक म्हणजे काय चीज असते ते मला चांगले ठाऊक आहे. ११ नोव्हेंबर १९३९ रोजी लिस्बनहून सर्व कॉन्सुलांना परिपत्रक क्रमांक १४ गेले. ज्यांचे राष्ट्रीयत्व वादात आहे असे लोक, कुठल्याच देशाचे नसलेले लोक आणि आपल्या देशातून हाकलले गेलेले ज्यू, यांना मंत्रालयाची आगाऊ परवानगी घेतल्याखेरीज व्हिसा देऊ नये, असा त्याचा मजकूर. परराष्ट्र खाते सालाझारने स्वतःकडेच ठेवले होते, म्हणजे हा हुकूम थेट त्याचा. भाषा अगदी साधी, कारकुनी. ‘मारा’ असे त्यात कुठेच लिहिलेले नाही. पण ज्याच्या पाठीवर हिटलरचे सैन्य आहे त्याला ‘परवानगी मागवतो, थांबा’ म्हणणे याचा अर्थ काय होतो, हे खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माणसाला कळतेच.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. १४ जूनला पॅरिस पडले. फ्रेंच सरकारच पळून बोर्दोला आले आणि त्याच्या मागोमाग माणसांचे लोंढे. उत्तरेकडून जर्मन, पश्चिमेला समुद्र. वाट उरली ती दक्षिणेची, स्पेनमधून पोर्तुगाल आणि तिथून बोटीने पुढे. मात्र पोर्तुगालचा व्हिसा हातात असेल तरच स्पेन आपल्या हद्दीतून जाऊ देई. सगळ्यांचा जीव असा एका शिक्क्यावर टांगलेला. गारोन नदीच्या काठी कॉन्सुलाची कचेरी होती आणि या माणसाचे बिऱ्हाडही तिथेच होते. जिन्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर माणसे झोपत होती. रांगेतली जागा जाईल म्हणून जेवायलाही हलत नव्हती.

त्या गर्दीत खाइम क्रुगर नावाचे एक रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते, मूळचे पोलंडचे, बेल्जियमहून आलेले. तुम्हाला आणि तुमच्या बायकामुलांना व्हिसा देतो, असे कॉन्सुलाने त्यांना सांगितले. क्रुगरनी नकार दिला. माझ्या सगळ्या लोकांना मिळणार असेल तरच मी घेईन, म्हणाले. संपादकसाहेब, या नकारापाशी मी दर वेळी थबकतो. लहान मुले सोबत आहेत, समोरचा माणूस सुटकेचा कागद पुढे करतो आहे, आणि हा गृहस्थ तो घेत नाही! सौझा मेंदिशने यानंतर अंथरूण धरले. दोन-तीन दिवस तो खोलीबाहेर आला नाही. १७ जूनला उठला, दार उघडले आणि राष्ट्रीयत्व, वंश, धर्म काहीही न बघता सगळ्यांना व्हिसा देणार असे त्याने जाहीर केले.

मग कचेरीचा नुसता कारखाना झाला. क्रुगर पासपोर्टांचे गठ्ठे आणून देत, कॉन्सुलाची मुले आणि सचिव शिक्के मारत आणि हा सह्या करी. पूर्ण नाव लिहायला वेळ पुरेना, तशी सही आखडत आखडत नुसती ‘मेंदिश’ एवढीच राहिली. फी घेणे थांबवले, पुढे नोंदवहीत नावे चढवणेही सुटले. बोर्दोहून तो बायोनला गेला, तिथून सरहद्दीवरच्या आँदायला. लिस्बनहून अधिकार काढून घेतल्याचा हुकूम सुटला तरी त्याच्या सह्या चालूच होत्या.

किती जणांना व्हिसा मिळाले? सगळीकडे तीस हजार हा आकडा छापतात. पण बोर्दोच्या नोंदवहीत १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळातले २,८६२ व्हिसे आढळतात, त्यातले १,५७५ हे ११ जूनपासूनच्या बारा दिवसांतले. अर्थात बरेचसे नोंदलेच गेले नाहीत, एका व्हिसावर अख्खी कुटुंबे गेली, आणि बायोन-आँदायचा हिशेब यात नाही. म्हणून कोणी लिहिलेच तर तीस हजारांचा आकडा ठोकून देऊ नये. नोंदवहीतला आकडाही मला मुळीच लहान वाटत नाही.

शिक्षा व्हायची ती झाली. खातेनिहाय चौकशी झाली आणि ऑक्टोबर १९४० मध्ये खुद्द सालाझारने निकाल लिहिला: एक वर्ष कामाविना अर्धपगारी आणि त्यानंतर सक्तीची निवृत्ती. चौदा मुलांचे घर बघता बघता कर्जात बुडाले. लिस्बनमध्ये ज्यू समाजाने निर्वासितांसाठी चालवलेल्या अन्नछत्रात हे कुटुंब जेवायला जाऊ लागले. निर्वासितांना थारा देणारा देश म्हणून पोर्तुगालचे जगात नाव होत होते, त्याच काळात! १९४८ मध्ये पत्नी वारली. १९५४ मध्ये लिस्बनच्या फ्रान्सिस्कन इस्पितळात तोही गेला. ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने १९६६ मध्ये त्याचा गौरव केला. त्याच्या स्वतःच्या देशाच्या संसदेला त्याला निर्दोष ठरवायला १९८८ उजाडले.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या वेशीवर असताना याच सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला तार केली होती, की शरणागती पत्करायची नाही, सैनिक एक तर जिंकलेले असावेत नाही तर मेलेले. वासालोने ऐकले नाही. १९ डिसेंबरला त्याने शरणागती पत्करली आणि गोव्याची राखरांगोळी टळली. त्यालाही मायदेशी सैन्यातून बडतर्फ केले, सन्मान परत मिळाला तो पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर. फोंड्याच्या छावणीत तारेपलीकडे बसलेले ते पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, सैनिक मी दहा वर्षांचा असताना पाहिले आहेत. एक जण बनियनवर बसून शर्टाचे बटण शिवत होता. घरी आल्यावर मी वडिलांना विचारले, “हे हरले कसे?” ते म्हणाले, “हरले म्हणून आपले घर उभे आहे.” त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला.

काही जण पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाताना असली नावे पुढे करतात. त्यांना हात जोडून सांगणे आहे की या दोघांनाही शिक्षा त्याच राजवटीने केली. सौझा मेंदिशचे नाव घ्यायचे तर ते कुन्हांच्या शेजारी घ्यावे. त्या दोघांचेही आयुष्य सालाझारच्याच राजवटीने नासवले.

पुढच्या क्रांतिदिनाच्या पुरवणीत एक पान या माणसाला द्यावे, एवढी विनंती आहे. शाळांमधून १८ जूनला भाषणे होतात, तिथे शिक्षकांनी त्याची गोष्ट पाच मिनिटे जरी सांगितली तरी मुले ती विसरणार नाहीत. आणि त्या पानावर रब्बाय क्रुगर यांचे नाव यावे, तसेच आंजेलिनाचेही. ती सौझा मेंदिशची बायको. नवरा सह्या करत होता त्या दिवसांत घरात झोपलेल्या परक्या माणसांच्या जेवणाखाण्याचे आणि आजारपणाचे तीच पाहत होती.

आपला नम्र,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी,
फोंडा, गोवा