फायबर छापलंत, साखरेचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला नाश्त्याच्या सिरीयलवरचा लेख वाचला आणि दिवसभर डोकं तापलेलं होतं, म्हणून आज लिहितेय. फायबरनं पोट साफ राहतं, कोलेस्टेरॉलला बरं असतं, लवकर भूक लागत नाही, हे सगळं खरंय, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण अख्ख्या लेखात साखर हा शब्द एकदाही नाही. एकदाही!

माझे वडील बार्शीला असतात, वय ७१, बारा वर्षांपासून शुगर आहे. सकाळी ज्वारीची भाकरी, बहुतेकदा रात्रीचीच, नि दूध नाहीतर मटकीची उसळ, हा त्यांचा जन्मभराचा नाश्ता. मागच्या दिवाळीला मीच म्हटलं, आप्पा आता हे बंद करा, आणि म्युसलीचे, म्हणजे ओट्स-मनुके घातलेल्या तयार सिरीयलचे, दोन मोठे पुडे नेऊन दिले, पुढच्या बाजूला हिरव्या ठळक अक्षरात 'हाय फायबर'. लेकीनं आणलंय म्हणून आप्पांनी चार महिने ते इमानानं खाल्लं, संपलं की मी परत पाठवायचे. मार्चमध्ये तपासणी केली तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९ टक्क्यांची ८.१ झालेली. डॉक्टरांनी विचारलं खाण्यात काय बदललं, तर आप्पा म्हणाले, आता तर भाकरीसुद्धा सोडलीय. फोनवर हे ऐकून मला रडू आलं.

मग पुडा उलटा करून वाचला, जे मी आधी करायला हवं होतं. १०० ग्रॅमला फायबर ८ ग्रॅम आणि साखर २२ ग्रॅम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, तर तिथे साखर, मध, इन्व्हर्ट सिरप अशी गोडाची तीन नावं वेगवेगळी, त्यामुळे एकही वर येत नाही आणि पहिलं नाव ओट्सचंच दिसतं. सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचं प्रमाण, लिहिलंय ३० ग्रॅम. आप्पांचा रोजचा वाडगा आईनं काट्यावर ठेवून बघितला तर ७५ ग्रॅम म्युसली भरली, म्हणजे साडेसोळा ग्रॅम साखर, जवळजवळ चार चमचे. त्यात थोडी मनुक्यांची असेल, पण चहा बिनसाखरेचा पिणाऱ्या माणसाच्या पोटात सकाळी सकाळी एवढी साखर जात होती नि घरात कुणालाच पत्ता नाही.

आणि यात नियम कुठेच मोडलेला नाही, राग त्याचाच येतो. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर असलं की 'हाय फायबर' लिहिता येतं, साखर किती आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. 'लो शुगर' म्हणायचं तर १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आत लागते, पण ते म्हणायची सक्ती कुणावरच नाही, मग कोण कशाला बोलेल.

बरं ते ६ ग्रॅम तरी काय मोठं आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा, ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या वर फायबर, बाजरीत साडेअकरा, अख्ख्या मटकीत १५. पोह्यांत मात्र साडेतीनच, तेही लोकांना कळायला पाहिजे. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ५ ग्रॅम फायबर मिळतं, ३० ग्रॅम त्या म्युसलीत अडीचसुद्धा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ सांगते. भाकरीनं शुगर वाढत नाही असं मी म्हणत नाही, ती पण मोजूनच खावी लागते, पण तिच्यात कुणी मध नि सिरप घालत नाही. साधे ओट्स मिळतात, बिनसाखरेची म्युसलीही मिळते, फक्त पुडा उलटून 'ॲडेड शुगर'ची ओळ वाचा एवढं एक वाक्य लेखात टाकलं असतंत तरी चाललं असतं.

अजून एक. त्याच पानावर खाली अर्धं पान सिरीयलची जाहिरात होती. जाहिराती घ्या, पेपर चालवायचा असतो हे समजतं, पण आरोग्याचा लेख आणि त्याच मालाची जाहिरात शेजारी शेजारी नको, आमच्या घरात आप्पा तुमच्या पेपरात आलेलं प्रमाण मानतात. आणि लेखातली पोषणमूल्यांची चौकट करड्या रंगावर इतक्या बारीक अक्षरात छापलीय की ती वाचायला त्यांना भिंग घ्यावं लागलं. पुढच्या रविवारी ती चौकट साखरेच्या रकान्यासकट, मोठ्या अक्षरात पुन्हा छापा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
चिंचवड