कोळ्याच्या जाळ्यावरील नक्षी : एका वाक्यात न मावणारे उत्तर

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत ‘जाळे मजबूत व्हावे म्हणून कोळी त्यावर पांढरी नागमोडी नक्षी विणतो’ असे सांगितले होते. आमच्या खानापूर तालुक्यात पावसाळा सरता सरता भाताच्या बांधावर, पाणंदीच्या कुंपणात आणि घरामागच्या परड्यात हा कोळी मुलांना जागोजागी दिसतो. डोळ्यांसमोरच्या गोष्टीचे कारण मुलांना इतक्या निर्धास्तपणे सांगू नये, असे मला मनापासून वाटते.

मजबुतीचा तर्क एकोणिसाव्या शतकातला आहे. प्रत्यक्षात ही नक्षी जाळ्याला सैलसर जोडलेली असते, आणि कोळ्याची तीच मादी आज चार पट्ट्यांची फुली विणते, उद्या दोनच पट्ट्या घालते, तर कधी जाळे कोरेच ठेवते. आधारासाठी विणलेली गोष्ट अशी मर्जीनुसार गाळता आली नसती. जवळून पाहिल्यास पिवळ्या पट्ट्यांची ही मादी डोके खाली करून मधोमध बसलेली आढळते आणि आठ पाय जोडीजोडीने फुलीच्या चार पट्ट्यांच्या रेषेत असे ताणून धरते की चारच पाय असल्याचा भास व्हावा. सावज गुंडाळायला जे रेशीम ती वापरते, तेच या नक्षीतही असते.

थॉमस आयस्नर आणि स्टीफन नोविकी या संशोधकांनी 1983 साली साध्या जाळ्यांवर कृत्रिम खुणा लावून पाहिल्या, तेव्हा खुणा असलेली जाळी पक्ष्यांच्या धडकेतून अधिक वाचली. याउलट 1990 साली क्रेग आणि बर्नार्ड यांनी, नक्षीवरून परावर्तित होणारे अतिनील किरण कीटकांना ओढून आणतात, असे मांडले. पुढे 1999 साली ब्लॅकलेज आणि वेन्झेल यांना दुसऱ्या एका जातीत नक्षीदार जाळ्यांत भक्ष्य कमीच सापडते, पण पक्ष्यांकडून होणारी मोडतोड घटते, असे आढळले. म्हणजे त्या जातीची मादी जाळे टिकावे म्हणून पोटाला चिमटा घेते, असे म्हणावे लागते. दोन्ही बाजूंचे पुरावे प्रयोगातून आलेले आहेत, आणि जाती वेगळ्या असल्याने दोन्ही खरे असणे अशक्य नाही. 2025 साली तर या नक्षीचा जाळ्यातील कंपनांवर होणारा परिणामही तपासला गेला. माझा स्वतःचा कौल संरक्षणाकडे झुकतो, कारण अशी नक्षी प्रामुख्याने दिवसाही जाळ्यावर बसून राहणाऱ्या कोळ्यांतच आढळते. तिन्हीसांजेला जाळे विणून पहाटे ते गुंडाळणाऱ्यांत ती सहसा नसते.

तरी आपण पुरवणीत ही मतांतरे सविस्तर छापावीत, आणि दसऱ्याच्या साफसफाईत जळमटांबरोबर परड्यातली ही जाळी झाडून न टाकता, नक्षी रोज कशी बदलते याची नोंद मुलांनी वहीत करावी, असे त्यांना सुचवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)