ग्रुप मीटिंग मंगळवारी नाही, गुरुवारी
मंडळी, मंगळवारी मला कमिटीत बसायचंय (सुटका नाही), म्हणून मीटिंग गुरुवारी ३ वाजता, नेहमीच्याच खोलीत. भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचा १९५५ चा पेपर वाचून या, चारच पानं आहेत, नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून आलेलं मला लगेच कळतं. त्यांचं समीकरण (गुरुत्वाखाली पदार्थ किती वेगाने आकुंचन किंवा प्रसरण पावतो ते सांगणारं) फळ्यावर नवीन पीएचडीवाल्यांपैकी कोणीतरी मांडायचं आणि चिन्हं नीट बघा हं, शिअर (आकार ताणला-दबला जाणं) आकुंचनाला मदत करतो, रोटेशन (फिरणं) विरोध करतं, मागच्या वेळी मीच शिअरला प्लस लावला आणि अर्धा तास काही कोसळेचना. पेनरोजच्या १९६५ च्या सिंग्युलॅरिटी थिअरमकडे (पुरेसं कोसळलं की सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे सिद्धांतच संपतो ती अवस्था, टळत नाही) आपण इथूनच जाणार. आणि क्लस्टरवर (आपल्या सामायिक कॉम्प्युटरांवर) कोणाचे तरी जुने जॉब (प्रोग्रॅम) अडकलेत, आजच मारा प्लीज.