पोटात पाणी झालं म्हणजे दारूच असते असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरातलं आरोग्याचं पान मी नेमानं वाचतो म्हणून हे लिहून राहिलो. माझी वहिनी ३९ वर्षांची, दारूचा थेंब कधी घेतला नाही. मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसात तिचं पोट फुगत गेलं अन् उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. बाया विचारत दिवस गेले का, कोणी म्हणे कावीळ, मग कावीळ उतरवणाऱ्याकडे चकरा, तालुक्याच्या दवाखान्यात साधी सोनोग्राफी झाली, लिव्हर सुजलं म्हणाले, पहिला प्रश्न हाच की दारू घेते का. सुईनं पाणी काढलं, पंधरा दिवसात पोट परत तेवढंच.

शेवटी नागपूरला डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांमधून रक्त कसं वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी, केली तेव्हा समजलं, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गुठळीनं बंद झाल्या होत्या. याले बड-कियारी म्हणतात. वावरातली नाली तुंबली की पाणी धुऱ्यातून झिरपते, तसंच लिव्हर फुगून पोटात पाणी उतरते.

डॉक्टरनं जुने कागद मागितले. वर्षभराआधी गावच्या शिबिरात हिमोग्लोबिन निघालं होतं १७.४. आमच्याकडे बाईचं ९ आलं तरी चालते म्हणतात, त्यामुळं सगळ्यांनी कौतुकच केलं, मीही केलं, त्याचं आज फार वाईट वाटते. बाईचं १६ च्या वर गेलं तर पुढची तपासणी करावी हे कोणी सांगितलंच नाही. आंघोळ झाली की तिच्या अंगाला खाज सुटायची, आम्ही साबण बदलत राहिलो, तेही रक्तातल्या रोगाचंच लक्षण निघालं. जॅक-टू टेस्ट, म्हणजे रक्तातून जीनमधला बिघाड पाहायची तपासणी, पॉझिटिव्ह आली. पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे हळू चालणारा रक्ताचा कॅन्सर, लाल पेशी भरमसाट वाढतात, रक्त घट्ट होते अन् गुठळ्या धरतात. लिव्हरच्या किंवा किडनीच्या कॅन्सरनं पण लिव्हरमधून रक्त बाहेर जायची वाट बंद होऊ शकते म्हणे.

शिरेत जाळी बसवली, आता पोट उतरलं आहे. पण रक्त पातळ करायची गोळी कायमची, अन् त्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागते ते, तपासायला एसटीनं जिल्ह्याला जावं लागते, त्या दिवशीची मजुरी बुडते. ही टेस्ट अन् डॉपलर, दोन्ही तालुक्याच्या दवाखान्यात सुरू करा, एवढं तुमच्या पेपरातून आरोग्य खात्यापर्यंत पोचवा.

एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ