लिफ्टची गाडी ठरवली असताना साधी मिनीबस देऊ केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, वाहन आरक्षण विभाग

विषय: आधाराची गरज असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या एक दिवसाच्या सहलीसाठी ठरलेली गाडी आदल्या संध्याकाळी बदलणे

तुमच्या ग्राहक सेवेला आज पाचव्यांदा फोन केला. "वरिष्ठांना कळवतो" हे उत्तर पाचव्यांदा ऐकल्यावर हे पत्र लिहीत आहोत.

आम्ही कोणती गाडी ठरवली होती हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या दाराला हायड्रॉलिक लिफ्ट, चार व्हीलचेअरच्या जागा, प्रत्येक खुर्ची जमिनीला जखडायला चार पट्टे आणि बसणाऱ्यासाठी वेगळा कमरेचा व खांद्याचा पट्टा. गाडी तुमचीच आहे. सहा आठवडे आधी लेखी आरक्षण केलं आणि सोबत तक्ता दिला: १४ सहभागी, ८ मदतनीस, ४ व्हीलचेअर, त्यातली एक विजेवर चालणारी, प्रत्येक खुर्चीची रुंदी आणि बसणाऱ्यासकट वजन. "तक्ता मिळाला, गाडी निश्चित" असं तुमचं उत्तर आमच्याकडे आहे.

सहलीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता फोन आला. लिफ्टची गाडी दुसरीकडे गेली, मिनीबस पाठवतो.

पुढचं बोलणं सविस्तर लिहितो. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात, ताडून पाहा.

मिनीबसला पायऱ्या आहेत, खुर्च्या चढवायच्या कशा, असं विचारलं. उत्तर आलं, "चार जण मिळून उचला की, मॅडम." विजेवर चालणारी खुर्ची बॅटऱ्यांसकट शंभर किलोच्या पुढे जाते, माणूस वेगळा. साध्या खुर्चीचे हात आणि पाय ठेवायचे आधार निघणारे असतात, तिथे धरून उचललं की ते हातात येतात आणि खुर्ची माणसासकट कलंडते. हे सांगितलं.

"मग फळी लावू." मिनीबसची जमीन रस्त्यापासून साधारण ७० सेंटिमीटर उंच. दोन मीटरची फळी लावली तर दर तीन फुटांमागे फूटभराहून जास्त चढ होतो. उताराचं नेहमीचं प्रमाण बाराला एक, म्हणजे ७० सेंटिमीटरसाठी आठ मीटरांहून लांब उतार हवा. हेही सांगितलं.

"मग खुर्च्या घडी करून डिकीत टाका आणि मुलांना सीटवर बसवा." मुलं कुठली? आमच्या गटातली सगळ्यात लहान व्यक्ती २७ वर्षांची आहे, सगळ्यात मोठी ५८ वर्षांची. चौघांपैकी दोघांना धडाचा तोल धरता येत नाही. त्यांच्या खुर्चीची पाठ आणि बाजूचे आधार त्यांच्या मापाने बनवलेले आहेत. साध्या सीटवर पहिल्याच वळणाला ते घसरतील. काखेत हात घालून उचलायचं म्हटलं तर स्नायू सैल असलेल्या माणसाचा खांदा निखळू शकतो.

शेवटी विचारलं, गाडी बदलल्याचं आम्ही त्यांना आत्ता, रात्रीच्या तोंडावर कसं सांगायचं? त्यावर तुमचा माणूस म्हणाला, "त्यांना कुठे काय कळतंय, मॅडम?"

हे वाक्य पुन्हा वाचा. दोन आठवडे भिंतीवर फोटोंचा तक्ता लावलेला होता: कपडे, गाडी, लिफ्ट, बाग, जेवण, परतीची गाडी, घर. गाडीचा फोटो तुम्हीच पाठवलेला. स्वमग्न असलेले तिघे रोज सकाळी त्या फोटोवर बोट ठेवून किती दिवस उरले ते मोजत होते. त्यांना इतकं नीट कळतं, की वेगळी गाडी दारात उभी राहिली असती तर ते तिच्यात चढलेच नसते. कळत नाही ते तुमच्या माणसाला.

एवढ्यावर थांबला नाही. "चौघांना घरी ठेवा, बाकीच्यांना न्या" हाही सल्ला दिला. चौदा जणांनी मिळून ठरवलेली सहल चौघांना वगळून करायची नाही, म्हणून रद्द करावी लागली. आणि तुमच्या नोंदीत आहे "ग्राहकाने रद्द केली", म्हणून रद्द करण्याचा आकारही लावलात!

गाडी बदलली की फक्त गाडी बदलते, असा तुमचा समज दिसतो. एक खुर्ची लिफ्टने चढवून चारही पट्टे ताणून पक्की करायला सात-आठ मिनिटं लागतात. चार खुर्च्यांना अर्धा तास, आणि दिवसातून चार वेळा चढ-उतार म्हणजे दोन तास. निघायची वेळ, दुपारच्या गोळ्या, गिळायला त्रास असणाऱ्यांचं मऊ जेवण, खुर्ची आत वळेल अशा स्वच्छतागृहाची राखलेली वेळ, सगळं त्या हिशोबावर बसवलेलं असतं. दोघांना फिट येते. पाच मिनिटांत ती थांबली नाही तर द्यायचं औषध सोबत असतं आणि ते देणारा मदतनीस त्यांच्या शेजारीच बसतो, म्हणून कोण कुठे बसणार हेही आधी ठरतं. मिनीबसमध्ये यातलं काहीच जुळत नाही.

आमच्या मागण्या:

आगाऊ रक्कम पूर्ण परत करा, रद्द करण्याचा आकार काढा आणि नोंद दुरुस्त करा: गाडी कंपनीने दिली नाही.

यापुढे अशा आरक्षणात विशिष्ट गाडीचा क्रमांक लिहून द्या आणि ती दुसरीकडे पाठवू नका. आदल्या दिवशी लिफ्ट वजन ठेवून चालवून पाहा. वीज गेली तर लिफ्ट हातपंपाने वर आणि पंपाची झडप उघडून खाली घेता येते, पण पंपाचा दांडा कुठे ठेवला आहे हे चालकाला ठाऊक असायला हवं. चार जागांचे सोळा पट्टे आणि बसणाऱ्यांचे चार, असे वीस मोजून गाडीत ठेवा. हुक खुर्चीच्या सांगाड्यालाच लावायचे, चाकाला किंवा निघणाऱ्या हातांना नाही, हे चालकाला करून दाखवा. खुर्चीचा स्वतःचा पट्टा बसण्याच्या आधारासाठी असतो, अपघातात तो माणसाला धरत नाही, हेही.

आणि त्या वाक्याबद्दल चौदा जणांची लेखी माफी मागा. सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहा. ती त्यांना वाचून दाखवली जाईल.

तुमच्याच कंपनीवर आम्ही भरवसा ठेवला, कारण अशी गाडी तुमच्याकडे आहे. असून दिली नाहीत, याचाच राग जास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं ३० वं कलम करमणूक आणि विरंगुळ्यातला सहभाग हा हक्क मानतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हे पत्र, तुमचं "गाडी निश्चित" हे उत्तर आणि फोनच्या तारखा घेऊन ग्राहक आयोगाकडे जाऊ, आणि अशा सहली काढणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक गटाला कळवू.

फोन करू नका. उत्तर लेखीच द्या.

सहल संयोजक व मदतनीस