डेटाबेस उडालेला नाही, तुमच्याच सर्व्हरवर सुटा पडलाय

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: देखभालीनंतर वर्डप्रेस साइटचा डेटाबेस रिकामा झाल्याबाबत, आणि जुना व्हॉल्यूम (डॉकरमधली डेटा साठवायची जागा) तातडीने राखून ठेवण्याबाबत

महोदय,

सर्वात आधी एक विनंती. आमची साइट ज्या सर्व्हरवर आहे तिथे 'डॉकर व्हॉल्यूम प्रून' किंवा 'डॉकर सिस्टम प्रून' यांतली एकही कमांड कोणी चालवू नये (डॉकर म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारे साधन, आणि प्रून म्हणजे वापरात नसलेले पुसणे). साफसफाई आपोआप होत असेल तर तीही थांबवावी. कारण खाली देत आहे.

तुमच्या देखभालीनंतर आमच्या मंडळाच्या साइटवर लेखांऐवजी वर्डप्रेसचे भाषा निवडायचे पान उघडते. तुमच्या सहायकाने 'ब्राउझरची कॅश साफ करा' असे कळवले, नंतर 'एखाद्या प्लगिनने डेटा उडवला असेल' असे. दोन्ही चुकीचे आहे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेचे फोटो थेट पत्त्यावर आजही उघडतात, म्हणजे वर्डप्रेसच्या फायली जागेवर आहेत. दिसेनासा झाला आहे तो फक्त डेटाबेस. मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) कंटेनरच्या लॉगमध्ये देखभालीच्याच वेळेला डेटाबेसच्या फायली नव्याने तयार केल्याची नोंद आहे. डेटा फोल्डर रिकामे मिळाले तरच मायएसक्यूएलची इमेज (कंटेनर ज्या साच्यातून बनतो तो) तसे करते. प्लगिनने टेबले पुसली असती तर ही नोंद आलीच नसती.

चूक तुमच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) आहे, आणि ती पॅनेलवर कोणालाही दिसते. वर्डप्रेसच्या '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल'साठी नाव दिलेला व्हॉल्यूम आहे. मायएसक्यूएलच्या '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' या डेटा फोल्डरसाठी मात्र एक ओळही नाही. अशा वेळी डॉकर स्वतःच बिननावाचा व्हॉल्यूम तयार करतो, त्याला 64 अक्षरांची आकडेमिश्रित ओळख देतो आणि सगळे सुरळीत चाललेय असे वाटत राहते. मग कोणी 'कंपोज डाउन' (कंटेनर बंद करून काढून टाकणे) करून पुन्हा 'अप' केले की नवा कंटेनर नवा, कोरा व्हॉल्यूम घेऊन उभा राहतो. जुना कोणालाच न जोडलेला, पण डिस्कवर तसाच राहतो, अर्थात 'डाउन'ला '-व्ही' (व्हॉल्यूमही पुसा ही सूचना) जोडले नसेल तर. साधा 'व्हॉल्यूम प्रून' नेमके असेच बिननावाचे, सुटे व्हॉल्यूम पुसतो.

सुट्या व्हॉल्यूमची यादी काढून प्रत्येकाच्या '_डेटा' फोल्डरमध्ये पाहावे. आमच्या टेबलांचा उपसर्ग 'डीसीएल_' आहे, तेव्हा 'डीसीएल_पोस्ट्स.आयबीडी' ही फाइल जिथे सापडेल तो व्हॉल्यूम आमचा. सापडल्यावर पूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी. फक्त वर्डप्रेसचे उपफोल्डर उचलून भागत नाही, 'आयबीडेटा1' (सामायिक डेटा फाइल) आणि रीडू लॉगही (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फायली) लागतात. 'डाउन' करताना मायएसक्यूएलला बंद व्हायला 10 सेकंद मिळतात, त्यात ते आटपले नाही तर डॉकर त्याला मारूनच टाकतो. तसे झाले असेल तर अर्धवट राहिलेले काम त्या लॉगमधूनच सावरले जाते.

पुढचे काम प्रतीवरच करावे, मूळ व्हॉल्यूमला हात लावू नये. आमचा डेटा 8.0 आवृत्तीचा आहे आणि तुमच्या फाइलमध्ये इमेजला 'लेटेस्ट' (सर्वात नवी आवृत्ती) टॅग आहे. नव्या आवृत्तीने तो एकदा उघडला की तेच फोल्डर 8.0 वर परत चालत नाही. म्हणून टॅग '8.0' असा स्पष्ट लिहावा. पासवर्ड जुनाच चालेल. कंपोज फाइलमधला रूट पासवर्ड फक्त कोऱ्या फोल्डरला लागू होतो. 'प्रवेश नाकारला' असा संदेश आला म्हणून 'डेटा खराब झालाय' असे आम्हाला कळवू नये. कंटेनर उभा राहिला की 'मायएसक्यूएलडंप' (डेटाबेसची मजकूर-प्रत, म्हणजे डंप) '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' आणि 'यूटीएफ8एमबी4' ही अक्षरसंहिता लावून काढावा, चुकीची अक्षरसंहिता लागली तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे हाती यायची.

तोवर इन्स्टॉलेशनचे ते पान आत्ताच बंद करा. ते जगाला उघडे आहे. कोणीही नाव-पासवर्ड भरून आमच्या पत्त्यावर प्रशासक होऊ शकतो.

बॅकअपबद्दल थोडक्यात. करारात 'रोजचा बॅकअप' आहे. आम्हाला मिळालेल्या फाइलमध्ये फक्त वर्डप्रेसचे फोल्डर आहे. लेख, प्रतिक्रिया, वापरकर्ते हे सगळे डेटाबेसमध्ये असते, त्यामुळे या फाइलला बॅकअप म्हणणे धाडसाचे आहे.

आमच्या मागण्या: व्हॉल्यूम राखल्याची लेखी खात्री 24 तासांत, डंप 3 दिवसांत, मायएसक्यूएलसाठी नाव दिलेला व्हॉल्यूम, डेटाबेससह रोजचा डंप, आणि साइट बंद असलेल्या काळाचे शुल्क परत. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आहे आणि वाचकांची सर्वाधिक ये-जा त्याच दिवसांत असते. मुदतीत उत्तर न आल्यास, मंडळाची साइट नफ्यासाठी नसल्याने, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली जाईल. लॉग आणि कंपोज फाइलची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
कार्यवाह
डिचोली, गोवा